शेतावर डिझेल साठवायचंय? आधी हे पाहून घ्या

पेरणी तोंडावर आली की वाचकांचे फोन आणि पत्रं एकाच विषयावर येऊ लागतात. "पाण्याची पाचशे लिटरची टाकी रिकामी पडली आहे, तिच्यात डिझेल भरलं तर चालेल का?" "पंपवाला कॅनमध्ये देत नाही, मग ट्रॅक्टर रोज बारा किलोमीटर पळवायचा का?" "दोन बॅरल घरी ठेवली तर गुन्हा दाखल होतो का?" जानेवारी 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रकचालकांचा संप झाला, मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर निघेनात आणि गावोगावच्या पंपांवर रांगा लागल्या. आपल्या शेतावर थोडं तरी डिझेल असावं, असं तेव्हापासून अनेकांच्या मनाने घेतलं आहे.

तसं वाटण्यात काही चूक नाही. पण डिझेल साठवणं हे पाणी साठवण्यासारखं काम नाही. माझं मत सुरुवातीलाच सांगते. तुमच्यापैकी बहुतेकांना टाकीची गरजच नाही. चांगली दोन बॅरल, पक्का ओटा आणि वर छप्पर एवढ्यावर तुमचं काम भागतं. टाकी कोणी करावी आणि कशी करावी, तेही पुढे सांगितलं आहे.

आधी वहीवर हिशेब मांडा

पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर रोटाव्हेटर किंवा नांगर ओढताना तासाला साधारण 4 ते 6 लिटर डिझेल खातो. दिवसाचे दहा तास धरले तर 50 लिटर झाले. म्हणजे 200 लिटरच्या एका बॅरलवर ऐन घाईतले चार दिवस निघतात. 25 केव्हीएचा जनरेटर पूर्ण भारावर तासाला पाच-सहा लिटर घेतो, अर्ध्या भारावर त्याहून बरंच कमी. बंदिस्त कुक्कुटपालन शेड असेल तर वीज गेल्यावर पंखे काही मिनिटांत सुरू व्हावेच लागतात. तिथे दोन-तीन दिवसांचा साठा ही चैन नाही, गरज आहे.

आता गेल्या वर्षीच्या पंपाच्या पावत्या काढा आणि ज्या महिन्यात सगळ्यात जास्त डिझेल लागलं तो महिना पाहा. त्या महिन्यातल्या दहा-बारा दिवसांना पुरेल एवढाच साठा ठेवा. "भाव वाढायच्या आत भरून ठेवू" या विचाराने कोणी टाकी बांधत असेल तर त्याला माझा सल्ला नको असाच आहे. डिझेल सहा महिन्यांपलीकडे ठेवलं की त्याची प्रत उतरायला लागते. उष्णता आणि ओल असली तर त्याआधीच.

परवाना कधी लागतो?

सर्वांत जास्त गोंधळ इथे आहे, म्हणून सावकाश वाचा. पेट्रोलियम कायदा 1934 सालचा आहे. त्यात इंधनाचे वर्ग केले आहेत. पेट्रोल 'अ' वर्गात येतं, डिझेल 'ब' वर्गात. कायद्याच्या कलम 7 प्रमाणे 'ब' वर्गाचं इंधन साठवायला किंवा वाहून न्यायला परवाना लागत नाही, मात्र त्यासाठी दोन अटी आहेत:

- एका ठिकाणी तुमच्या ताब्यातलं सगळं मिळून 2,500 लिटरपेक्षा जास्त नको.
- त्यातलं कोणतंही एक भांडं 1,000 लिटरपेक्षा मोठं नको.

दोन्ही अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात. 1,200 लिटरची एकच टाकी बसवली आणि तिच्यात कायम पाचशेच लिटर ठेवलं तरी दुसरी अट मोडते, कारण मोजायची ती भांड्याची क्षमता. बाजारात 990 लिटरच्या टाक्या का मिळतात, ते आता लक्षात आलं असेल.

एकाच वस्तीवर तिघा भावांची शेती वेगळी आणि शेड एकच असते. प्रत्येकाने हजार-हजार लिटर ठेवलं तर पाहणीला येणारा अधिकारी ते एकच ठिकाण धरण्याची शक्यता मोठी आहे. सात-बारा वेगळा असल्याचं सांगून वाद घालत बसण्यापेक्षा सगळं मिळून 2,500 च्या आत राहा. ट्रॅक्टरच्या स्वतःच्या टाकीतलं किंवा इंजिनालाच जोडलेल्या टाकीतलं डिझेल मात्र यात मोजत नाहीत, त्याला कायद्यात वेगळी सूट आहे.

याहून जास्त लागत असेल तर परवाना काढावा लागतो. बॅरलमधून 25,000 लिटरपर्यंत साठा असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जावं लागतं. हजार लिटरपेक्षा मोठी टाकी असेल तर पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेकडे, म्हणजे 'पेसो'कडे. तिचं मुख्यालय नागपूरला आहे. नकाशा मंजूर झाल्याशिवाय टाकीचं काम सुरू करू नका. आधी बांधून मग मंजुरी मागणाऱ्यांना पुढे तोडफोड करावी लागते.

पेट्रोलचा हिशेब निराळा आहे. फवारणी पंप आणि ग्रासकटरसाठी तुम्ही पेट्रोल ठेवत असाल तर विनापरवाना मर्यादा फक्त 30 लिटर आहे, आणि धातूचा कॅन 25 लिटरपेक्षा मोठा चालत नाही. पेट्रोल डिझेलच्या शेजारी ठेवूच नका.

आणखी एक गोष्ट. परवान्यातून सूट मिळाली म्हणजे विक्रीची मुभा मिळाली असं नव्हे. अडीनडीला शेजाऱ्याला पाच लिटर देणं वेगळं, लिटरमागे दोन रुपये जास्त घेऊन विकणं वेगळं. विक्रीवर 2005 चा डिझेल नियंत्रण आदेश आणि जीवनावश्यक वस्तू कायदा लागू होतो. खरेदीची प्रत्येक पावती फाइलला लावून ठेवा. कोणी विचारलंच तर "डिझेल कुठून आणलं आणि कशाला लागतं" याचं उत्तर त्या फाइलमध्ये असलं पाहिजे.

कशात भरायचं?

पाण्याची प्लास्टिक टाकी वापरू नका. ती डिझेलसाठी बनवलेली नसते. तिचं प्लास्टिक आणि जोडांची रबरं कालांतराने फुगतात आणि मऊ पडतात. आग लागली तर ती वितळून सगळं डिझेल एका दमात जमिनीवर ओतते.

जस्ताचा मुलामा असलेलं काहीही नको. जीआय पाइप, जीआय पत्र्याची टाकी, गॅल्व्हनाइज्ड बादली यातलं जस्त डिझेलशी हळूहळू अभिक्रिया करतं. त्यातून साबणासारखा चिकट पदार्थ तयार होतो आणि तो फिल्टरमध्ये, पुढे नोझलमध्ये जाऊन बसतो. तांब्या-पितळेचंही तसंच, त्याने डिझेल लवकर खराब होतं. साधं काळं लोखंड, म्हणजे एमएस, सर्वांत उत्तम. आतून रंग लावायचा नाही.

जुनं बॅरल घेताना आधी त्यात काय होतं ते विचारा. कीटकनाशकाचं, आम्लाचं किंवा ज्याचा पत्ताच लागत नाही असं बॅरल कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. इंजिन ऑइलचं किंवा डिझेलचंच घ्या. पाच लिटरपेक्षा मोठा कॅन घ्यायचा तर 'पेसो'ने मान्य केलेल्या प्रकारचाच घ्या. भरलेलं 200 लिटरचं बॅरल 180 किलोच्या पुढे जातं, ते एकट्याने कलंडवायच्या भानगडीत पडू नका.

जागा

घरापासून, गोठ्यापासून आणि कडब्याच्या गंजीपासून किमान 50 फूट लांब ठेवा. विहीर आणि बोअरपासून 100 फूट, आणि तेही उताराच्या खालच्या अंगाला. ही अंतरं मी माझ्या अनुभवाने सांगते आहे. जागा असेल तर याहून जास्त ठेवा. विहिरीच्या पाण्याला एकदा डिझेलचा वास लागला की तो कित्येक पावसाळे जात नाही. जनावरं त्या पाण्याला तोंड लावत नाहीत आणि तुम्हाला दुसरी सोय बघावी लागते.

सावली हवीच. भारतीय मानकाप्रमाणे डिझेलचा ज्वलनांक किमान 35 अंश असावा लागतो. म्हणजे तेवढ्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. प्रत्यक्षात मिळणाऱ्या डिझेलचा ज्वलनांक बहुधा याहून बराच वर असतो, पण मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात उन्हात ठेवलेल्या बॅरलचा पत्रा हाताला चटका देतो हे तुम्हालाही माहीत आहे. "डिझेल पेटत नाही, पेट्रोल पेटतं" ही समजूत हिवाळ्यातल्या पहाटे खरी ठरेलही, मेमधल्या दुपारी तिच्या भरवशावर राहू नका.

पत्र्याचं छप्पर आणि चारही बाजूंनी वारा खेळेल अशी मोकळी शेड एवढं पुरे. बंद खोली नको. डिझेलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते. शेडमध्ये स्विचबोर्ड, इन्व्हर्टर, वेल्डिंगचं काम, चूल यातलं काहीही नको.

टाकी करून घेणार असाल तर

गावातला फॅब्रिकेटर टाकी चांगली बनवेल, फक्त त्याला पुढच्या गोष्टी कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं कामाच्या गर्दीत राहून जातं.

- आडवी, गोल टाकी. खोगिरावर बसवताना एका टोकाकडे हलका उतार द्यायचा आणि त्या सर्वांत खालच्या ठिकाणी पाणी काढायचा कॉक.
- इंजिनासाठी डिझेल घ्यायची नळी तळापासून तीन-चार इंच वर. तळाचा गाळ आणि पाणी तळातच राहिलं पाहिजे.
- हवा जायला-यायला व्हेंट पाइप. तोंड खाली वळवलेलं, त्यावर बारीक जाळी. व्हेंट बुजलेला असेल तर पंप डिझेल ओढताना टाकी चेपते.
- भरायच्या तोंडाला कुलूप.
- पातळी पाहायला पट्टी. बाहेरून लावलेली पारदर्शक प्लास्टिक नळी दिसायला सोयीची असते, पण ती उन्हाने कडक होऊन तडकते आणि रात्रीत टाकी रिकामी होते.
- जमल्यास डिझेल वरून पंपाने काढायची सोय. खालच्या नळाला गळती लागली की पूर्ण टाकी उतरते.
- बाहेरून पांढरा किंवा ॲल्युमिनियम रंग, आणि अर्थिंग.

टाकीभोवती सिमेंटचा हौद करा. टाकी पूर्ण फुटली तरी सगळं डिझेल त्यात मावलं पाहिजे, वर दहा टक्के जागा शिल्लक राहिली पाहिजे. 990 लिटरच्या टाकीला 7 फूट लांब, 5 फूट रुंद आणि सव्वा फूट उंच भिंतीचा हौद पुरतो, त्यात साधारण 1,200 लिटर मावतं. हौदाला पावसाचं पाणी काढायचा पाइप ठेवलात तर त्याचा व्हॉल्व्ह एरवी बंद असू द्या. खर्च वाचवायला लोक हौद गाळतात. मला विचाराल तर टाकी लहान करा, पण हौद गाळू नका. आणि टाकी जमिनीत पुरू नका, पुरलेल्या टाकीची गळती तुम्हाला विहीरच सांगते.

डिझेलमध्ये पाणी शिरतं ते असं

आमच्या वस्तीजवळच्या एका द्राक्ष बागायतदाराचा ट्रॅक्टर ऐन फवारणीच्या दिवसांत बंद पडला. पंप खोलला, नोझल बदलले, मोठा खर्च झाला. बॅरल उभं, उघड्यावर, बूच घट्ट लावलेलं. पाणी जाणार कुठून, हा त्यांचा प्रश्न होता. मी त्यांच्यासोबत ते बॅरल पाहायला गेले तेव्हा उत्तर बॅरलच्या डोक्यावरच होतं. उभ्या बॅरलच्या वरच्या कडेला गोल काठ असतो आणि त्याच्या आत पावसाचं पाणी थाळीत साचावं तसं साचलं होतं. दोन्ही बुचं त्या पाण्याखाली. दुपारी बॅरल तापलं की आतली हवा फुगून बुचाच्या आट्यांतून बाहेर पडते. रात्री गार झालं की बॅरल श्वास आत घेतं आणि हवेबरोबर वरचं पाणी आत ओढतं. रोज थोडं थोडं. महिनाभरात तळाला तांब्याभर पाणी.

उपाय साधा आहे. बॅरल छपराखाली ठेवा. उभं ठेवायचं तर एका बाजूला खाली वीट सरकवून ते थोडं कलतं करा, म्हणजे साचलेलं पाणी बुचांपासून लांबच्या बाजूला जाईल. आडवं ठेवायचं तर दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊ या आकड्यांच्या जागी आली पाहिजेत. मग आतलं डिझेलच बुचाला सील करून ठेवतं.

दुसरी वाट दमट हवेची. अर्धी रिकामी टाकी म्हणजे अर्धी टाकी ओली हवा. रात्री पत्रा गार पडला की आतून दव धरतं आणि ओघळून तळाला जातं. म्हणून पावसाळ्याआधी एक तर साठा वापरून संपवा, नाहीतर टाकी भरून घ्या, पण काठोकाठ नको. 200 लिटर डिझेल 25 अंशांनी तापलं की चार लिटरच्या आसपास वाढतं, तेव्हा पाच टक्के जागा मोकळी ठेवा. कोकणातल्या बागायतदारांनी याची जास्त काळजी घ्यायला हवी.

पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या थरात सूक्ष्मजीव वाढतात. फिल्टरमध्ये काळपट, शेवाळासारखा बुळबुळीत थर दिसला तर तो त्यांचाच. जानेवारी 2023 पासून 50 अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना नवे उत्सर्जन मानक लागू झाले. त्यांतल्या कॉमन रेल इंजिनांचे नोझल फार बारीक घडणीचे असतात. जुन्या ट्रॅक्टरने जी घाण पचवली, ती हे इंजिन पचवत नाही.

दर पंधरा दिवसांनी एक काम करा. स्वच्छ काचेच्या बाटलीत तळाचं डिझेल काढा, अर्धा तास स्थिर ठेवा आणि उजेडासमोर धरून पाहा. डिझेल नितळ आणि चमकदार दिसायला हवं. धुकट दिसलं तर ओल आहे. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी, ते कॉकमधून काढून टाका. काढलेलं पाणी नाल्यात किंवा बांधाला ओतू नका. नवीन डिझेल भरल्यावर शक्यतो एक दिवस हात लावू नका, गाळ बसू द्या.

घेताना तुमचे हक्क

पंपावर संशय आला तर तुम्ही पाच लिटरच्या प्रमाणित मापाने मोजून दाखवा म्हणू शकता. ते माप वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं हवं. पाच लिटरमागे 25 मिलिलिटरपर्यंतचा फरक मान्य आहे, त्याहून कमी भरलं तर तक्रार करा. घनता तपासून मागणं हाही तुमचा हक्क आहे. पंपावर त्या दिवशीची नोंदवलेली घनता लिहिलेली असते, तिच्याशी ताडून पाहा.

सुट्या भांड्यात डिझेल द्यायला पंपवाले कचरतात. आंदोलनाच्या किंवा निवडणुकीच्या काळात प्रशासन तशी बंदीही घालतं. त्यावर भांडून उपयोग नाही. मान्यताप्राप्त कॅन किंवा लोखंडी बॅरल घेऊन जा, सोबत ट्रॅक्टरचं नोंदणीपत्र आणि सात-बारा ठेवा आणि पंपमालकाशी हंगामाआधी बोलून ठेवा.

दुसरा पर्याय आहे दारात येणाऱ्या डिझेलच्या गाडीचा. इंडियन ऑइलने मार्च 2018 मध्ये पुण्यातून ही सेवा सुरू केली, आता ती बऱ्याच भागांत पोहोचली आहे. गावातले दहा-पंधरा शेतकरी, दूध संस्था किंवा शेतकरी कंपनी एकत्र आली तर गाडी यायला तयार होते. गाडी आली की मीटर शून्यावर आहे का पाहा, घनता विचारा, छापील पावती आपल्या नावाने घ्या. "बायोडिझेल" म्हणून कुणी पंपापेक्षा बरंच स्वस्त काही आणून देत असेल तर ते दारातूनच परत पाठवा.

ट्रॉलीतून बॅरल आणताना उभं ठेवा, बांधा, बूच दोनदा तपासा. त्या ट्रॉलीत माणसं बसवू नका. एसटीतून कॅन नेणं तर मुळीच नको.

भरताना आणि काढताना

- तोंडाने नळी ओढू नका. दोन घोट गिळण्यापेक्षाही श्वासनलिकेत गेलेलं थोडंसं डिझेल जास्त घातक असतं, त्याने फुप्फुसाला सूज येते. हाताने फिरवायचा बॅरल पंप घ्या.
- पाण्याची मोटार डिझेलला लावू नका. विजेचा पंप हवा असेल तर इंधनासाठी बनवलेलाच घ्या.
- कॅन गाडीतच ठेवून भरू नका. खाली जमिनीवर ठेवा, नोझल कॅनच्या काठाला टेकलेलं ठेवा आणि हळू भरा. वाहत्या डिझेलमध्ये स्थिर वीज साठते.
- नरसाळं आणि गाळणी डिझेलसाठी वेगळी ठेवा. फवारणीचं नरसाळं वापरू नका.
- शीतपेयाच्या बाटलीत डिझेल कधीही भरू नका. मूल पाणी समजून तोंडाला लावतं. तसं झालंच तर उलटी करवू नका, दूध-तूप पाजू नका, थेट दवाखाना गाठा.

आगीसाठी शेडबाहेर नऊ किलोचं एबीसी पावडरचं नळकांडं आणि वाळूच्या चार बादल्या ठेवा. नळकांडं शेडच्या आत टांगून उपयोग नाही, आग लागल्यावर तुम्ही बाहेर असता. पेटत्या डिझेलवर पाणी मारलं तर डिझेल पाण्यावर तरंगत पसरतं. आग आवाक्याबाहेर वाटली तर माणसं आणि जनावरं लांब न्या आणि 101 किंवा 112 ला फोन करा.

रिकामं बॅरल

भरलेल्या बॅरलपेक्षा मला रिकाम्या बॅरलची जास्त भीती वाटते. चुलीसाठी, पाण्याच्या हौदासाठी, जनावरांच्या गव्हाणीसाठी बॅरल मधोमध कापून आणायची आपल्याकडे पद्धत आहे. बॅरल रिकामं दिसतं, पण पत्र्याला चिकटलेल्या डिझेलची वाफ आत भरलेली असते. त्यावर गॅस कटर किंवा वेल्डिंगची ज्योत धरली की वाफ तापते, पेटते, आणि झाकण माणसाच्या तोंडावर येतं. अशा स्फोटांत कारागीर जिवानिशी गेले आहेत. बूच उघडून चार दिवस उन्हात ठेवलं, आतून पाण्याने विसळलं, एवढ्याने ते सुरक्षित होत नाही. टाकीला भोक पडलं, सांधा सुटला तरी तेच. तिला जागेवर वेल्डिंग करून घेऊ नका. पूर्ण रिकामी करून, वाफ काढायची यंत्रणा आणि माहिती असलेल्या कारखान्यातच पाठवा. निकामी बॅरल कापायचंच नसेल तर दोन्ही बुचं लावून, झाकणावर रंगाने ठळक "डिझेलचं" असं लिहून भंगारवाल्याला द्या, आणि देताना त्याला तोंडानेही सांगा.